तीन दिवसांचं मेपल

मंगळवार, ११ जुलै १९९५. ऐन हिवाळा, पहाटे उणे चार. अंगणातला नळ गोठला, किटलीभर गरम पाणी ओतून सोडवला. कोंबड्यांची अंडी दोन. बॅथर्स्टच्या गृहस्थांचं पत्र आलं, विचारतात की १९४२च्या सप्टेंबरात आमच्या कारखान्यात रायफलीच्या दस्त्याला कुठलं लाकूड वापरत होते. उत्तर तोंडपाठ, तरी खात्रीसाठी माळ्यावरून त्या सालची वही काढली. पान ९ सप्टेंबर. मर्व्ह ट्रेव्हेनाला मी चुकीचं सांगितलं होतं. दुपारी जेवले नाही.

डिम्फ्ना गॅरिटीच्या वह्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या, आणि त्यांत ‘मी चुकीचं सांगितलं’ असं वाक्य शोधायला गेलं तर बोटांवर मोजण्याइतक्या वेळा सापडलं असतं. तेराव्या वर्षी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर कोलंबांनी तिच्या हातात पहिली वही दिली. त्या म्हणाल्या होत्या, “मनात काय आलं ते देवाला सांग. वहीत काय घडलं ते लिही. आणि मोजता येत असेल तर मोजून लिही.” मुलीने ते इतकं मनावर घेतलं की कोंबड्यांच्या अंड्यांपासून स्वतःच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांपर्यंत सगळं मोजून लिहिलेलं होतं. पाहुणे एकेचाळीस होते. नवरा अर्नी रेल्वेच्या इंजिनावर कोळसा टाकायचा. तो चेष्टेने म्हणे, “मी एकटाच बेचाळिसावा राहिलो. मला मोजायला विसरलीस.” तो जाऊन आता सोळा वर्षं झाली होती आणि दोन्ही मुली सिडनीला होत्या.

अठराव्या वर्षी ती कूरामिन गावच्या रायफल कारखान्यात तपासनीस म्हणून लागली. युद्ध होतं, पुरुष बाहेर गेले होते, गावातल्या निम्म्या मुली त्याच फाटकातून आत जात. डिम्फ्ना तिसऱ्या बाकावर होती. रायफल जोडून समोर यायची. लाकूड आणि लोखंड जिथे भेटतं तिथे कागदाची पातळ पट्टी सरकवून पाहायची. पट्टी आत गेली तर रायफल परत, अडली तर दस्त्याच्या खाली ठसा मारायचा. तिचा ठसा एकतीस नंबरचा होता. फोरमन येऊन घाई करायचा, “पोरी, तिकडे जपानी लोक तुझ्या कागदाच्या पट्टीसाठी थांबलेत का?” ती मान वर न करता म्हणायची, “त्यांना थांबवायचं असेल तर पट्टी अडायला हवी.” पाळी संपली की घरी येऊन ती वहीत लिहायची: आज किती रायफली, पहिलीचा नंबर अमुक, शेवटचीचा तमुक. युद्धाच्या दिवसांत असलं काही लिहून ठेवणं खरं तर गुन्हा होता. हे तिला कळलं तेव्हा युद्ध संपून चार वर्षं झाली होती. तिने पाद्रीबाबांकडे जाऊन कबुली दिली आणि वह्या मात्र माळ्यावर ठेवल्या.

अर्नी गेल्यावर एका हिवाळ्यात शेजारच्या माणसाने विकायला काढलेली जुनी रायफल तिच्या स्वयंपाकघरातून नेता नेता टेबलावर टेकवली. डिम्फ्नाचे हात पिठाचे होते, चष्मा खिडकीत होता. तिने कोपराने जरा स्पर्श केला आणि म्हणाली, “नळी आमची आहे. बोल्ट आमचा नाही.” बोल्टवर, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या दांड्यावर, खरंच दुसऱ्या कारखान्याची खूण निघाली. तिथून ते सुरू झालं. डबोहून, न्यूकॅसलहून, एकदा तर थेट अ‍ॅडलेडहून माणसं ब्लँकेटात गुंडाळलेल्या रायफली घेऊन तिच्या दाराशी येऊ लागली. प्रत्येकाचा प्रश्न एकच. हिच्यातलं मूळचं किती, आणि जे मूळचं नाही ते काढून हिला पूर्वीसारखी करावी का?

तिची रीत ठरलेली होती. टेबलावर जुनी घोंगडी. रायफल तिच्यावर. मालकाने तोंड उघडायचं नाही. ही कुणाची, कुठे लढली, आजोबा काय म्हणायचे, त्यातलं काहीही नाही. “आधी हिला बोलू दे, मग तू बोल,” ती म्हणायची. मग प्रत्येक भागाला एक पिवळं कार्ड. नळी, बोल्ट, दस्त्यामागची धातूची पट्टी, नळीच्या टोकाची टोपी, पुढचं लाकूड, दस्ता. आधी बोटं, मग भिंग, मग पेन्सिल. तास-दीड तास घरात फक्त घड्याळ वाजायचं. चांगले सहा फुटी गडी शाळेतल्या पोरांसारखे खुर्चीच्या काठावर बसून असत.

ऑरेंजहून आलेल्या एकाने रायफल इतकी घासून, काळी करून, वार्निश लावून आणली होती की तिच्यात खिडकीचा पडदा दिसत होता. डिम्फ्नाने एकदा रायफलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. “काय रे बाळा, हिचं लग्न ठरलंय का?”

पुष्कळांना सगळे नंबर एकसारखे हवे असत. बोल्टचा नंबर वेगळा निघाला की चेहरे पडत. तिथे ती उलट बोलायची. आघाडीवरच्या दुरुस्तीवाल्याने चिखलात बसून, डब्यातून जो बोल्ट बसला तो बसवला आणि ती रायफल पुन्हा पुढे गेली. तो बोल्ट काढून तू कॅटलॉगातला आणणार? असू दे तो तिथे. पण युद्धानंतर कुणी सशांच्या शिकारीसाठी पुढचं लाकूड करवतीने कापलं असेल, आणि त्या कापण्यामागे कुणाची काही आठवण नसेल, तर ती खुशाल म्हणायची, “लांब लाकूड मिळव आणि बसव. बिचारी थंडीत आखूड कोट घालून उभी आहे.” कधी लगेच सांगायची, कधी आठवडाभर कार्डं समोर मांडून ठेवायची. एकदा तिने निकाल दिला की जुन्या रायफलींच्या बाजारातले जाणते लोकही पुढे वाद घालत नसत.

मर्व्ह ट्रेव्हेना १९९३ साली आला, तोही असाच. गावाबाहेर मेंढ्या पाळणारा, तिच्याच वयाचा, तिच्या अर्नीबरोबर क्रिकेट खेळलेला. मजी गावाजवळच्या एका शेतावर मालक वारल्यानंतर सामानाची विक्री होती, तिथे त्याला ही रायफल मिळाली. त्याचा थोरला भाऊ लाइल युद्धात न्यू गिनीत मारला गेला होता. सैन्याने घरी पाठवलेल्या पगाराच्या पुस्तकात लाइलच्या रायफलीचा नंबर शिसपेन्सिलीने लिहिलेला होता. आकडे स्वच्छ होते, पण आकड्यांआधीचं मालिकेचं अक्षर पुसलं गेलेलं. तेच आकडे दर अक्षराला पुन्हा येतात, त्यामुळे नुसत्या आकड्यांवर काही ठरत नव्हतं. पण या रायफलीच्या दस्त्यावर एक खूण होती. मर्व्हला ती घरची कानखूण वाटली. तिथे प्रत्येक मेंढीवाल्याची स्वतःची खूण असते, मेंढीच्या कानात कापलेली. ट्रेव्हेनांची म्हणजे माशाच्या शेपटीसारखी खाच आणि तिच्याखाली एक आडवी चीर.

डिम्फ्नाने दीड तास घेतला. रायफल १९४२च्या सप्टेंबरातली, आणि दस्ता जुन्या लालसर मेपलचा. त्या वर्षी सप्टेंबरपूर्वीच कारखान्यात सगळीकडे फिकट कोचवुड सुरू झालं होतं, हे तिला झोपेतही माहीत होतं. म्हणजे दस्ता दुसऱ्याच रायफलीचा, नंतर चढवलेला. खाली ठशाची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. खूणही तशीच, आजूबाजूच्या पोच्यांत मिसळलेली. मर्व्ह म्हणाला, “पण डिम्फ, ही आमची कानखूण आहे.” आणि ती म्हणाली, “मर्व्ह, जो माणूस गेला त्याच्या आठवणीत बसलेल्याला लाकडावरच्या प्रत्येक पोच्यात काहीतरी दिसतं.”

माळ्यावर जाऊन वही काढायला जिना चढावा लागला असता. गुडघा दुखत होता, आणि खात्री होती.

आता त्या वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ९ सप्टेंबर १९४२, बुधवार. कोचवुडची गाडी आली नाही. गोदामातून जुने मेपलचे दस्ते काढून तिसऱ्या बाकावर दिले. त्याखाली बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवसांचे पहिले आणि शेवटचे नंबर. मर्व्हच्या रायफलीचं कार्ड तिने शेजारी ठेवलं. अक्षरासकट नंबर गुरुवारच्या दोन आकड्यांच्या मधोमध बसत होता. मेपल मूळचंच होतं. ते तिच्याच बाकावरून गेलं होतं. ती कागदाची पट्टी तिनेच सरकवली होती.

बुधवारी सकाळी ती आपली जुनी गाडी घेऊन ट्रेव्हेनांच्या शेतावर गेली. मर्व्ह फाटकाशी मेंढ्यांना चारा टाकत होता.

“ये, चहा टाकतो,” तो म्हणाला.

“चहा नंतर. आधी उभ्या उभ्या ऐक.”

“कोण गेलं?”

“कुणी गेलं नाही. मी चुकले.”

मर्व्हने टोपी मागे सारली. “थांब जरा. कुत्र्याला साक्षीला बोलावतो.”

तिला हसू आलं नाही. तिने पिशवीतून वही काढली आणि पान वाचून दाखवलं, नंबरांसकट.  हातातला चारा मर्व्हने तसाच धरून ठेवला होता, आणि एक मेंढी तो ओढून खात होती.

“म्हणजे दस्ता तिचाच.”

“तिचाच. खूण तुमची आहे की नाही हे मी अजून सांगत नाही. पण तू म्हणालास ते मी ऐकून घ्यायला हवं होतं. दस्ता कुठाय?”

“केल सॉवरबीला देऊन टाकला. गल्गाँग गावचा, रायफली जमवणारा. तूच म्हणालीस परका आहे, कोचवुडचा बसव. मी बसवला.” त्याचा आवाज चढला. “दोन वर्षं, डिम्फ! दोन वर्षं ती रायफल मी कपाटातून काढली नाही. परक्या माणसाचं सामान घरात ठेवल्यासारखं वाटायचं. तू मला काय बोलली होतीस आठवतं तरी का?”

“शब्दन्‌शब्द. त्या दिवशी लिहिलंय.”

“ते पण लिहिलंस?”

“लिहिलं. मला वाटलं होतं की मी फार शहाणपणाचं बोलले.”

 मर्व्हने उरलेला चारा मेंढीपुढे टाकला. “केलच्या हाताला काय लागलं की तो ते घासतो. दस्त्याचं त्याने काय केलं असेल कुणास ठाऊक.”

“उद्या जाऊन बघू.”

“बघायला काही उरलं असेल तर.”

गुरुवारी ते मर्व्हच्या ट्रकमधून गेले, रायफल मधे घोंगडीत गुंडाळलेली. मजी मागे पडलं. पुढे द्राक्षांचे मळे सुरू झाल्यावर मर्व्ह एकदम म्हणाला, “लाइल वीस वर्षांचा होता. जाताना माझे बूट घालून गेला. त्याचे फाटले होते.” डिम्फ्ना “हो” एवढंच म्हणाली.  नसतं बोलून चुकायचं तेवढं एकदा चुकून झालं होतं.

केल सॉवरबी पंचेचाळिशीचा, गोलमटोल, रायफलींचा भारी नादी. त्याने स्वयंपाकघरातच आपली रायफल आणून टेबलावर ठेवली. तो दस्ता आता त्याच्या रायफलीला होता, मधात बुडवून काढल्यासारखा झळकत होता. डिम्फ्नाने डोळे क्षणभर मिटले.

“काय, मिसेस गॅरिटी? ओळखू येतो का?” केल खुशीत होता. “काय अवस्था होती त्याची! खड्डेच खड्डे. ओलं फडकं ठेवायचं, वर गरम इस्त्री दाबायची. वाफ आत गेली की एकेक खड्डा फुगून वर!”

“माझी इस्त्री,” त्याची बायको जॉयलीन चुलीकडून म्हणाली. “चर्चच्या ब्लाऊजवर तपकिरी डाग पडला तेव्हा कळलं मला. मी विचारलं, हे काय, तर हा म्हणतो, मेपल.”

“नवी आणून दिली ना गं!”

“दिलीस. तीही आता शेडमध्ये आहे.”

केल हसला आणि दस्ता उलटा केला. “सगळे खड्डे आले वर. हा एक तेवढा हट्टी. तीनदा वाफ दिली, जागचा हलत नाही. कागदाने घासला, तरी तळाशी तसाच. शनिवारी पुट्टी भरून टाकणार होतो.”

मर्व्ह पुढे झाला. डिम्फ्नाने हात आडवा धरला. “तू बोलू नकोस,” ती म्हणाली आणि भिंग काढलं.

दाबलेलं लाकूड पाण्याने आणि उष्णतेने फुगतं, पुन्हा आपल्या जागी येतं. कापलेलं लाकूड येत नाही. त्याचे धागे तुटलेले असतात, वाफेने तुटके धागे सांधत नाहीत. हे तिला अठराव्या वर्षी बाकावर शिकवलं होतं. केलच्या इस्त्रीने आजूबाजूचे पन्नास वर्षांचे पोचे सगळे उचलले होते आणि त्यांच्या गर्दीत हरवलेली एक खूण स्वच्छ, कडेसकट एकटी उरली होती. पोचा नव्हताच तो. कुणीतरी सुरीने, मन लावून, तीन वेगळ्या चिरा दिल्या होत्या.

ती बराच वेळ वाकून होती. मग सरळ होऊन तिने पिशवीतून एक कोरं पिवळं कार्ड काढलं. “मर्व्ह, कानखुणेचा चिमटा गाडीत आहे का?”

“असतोच.”

“घेऊन ये. आणि या कार्डावर पाड.”

मर्व्ह बाहेर गेला. चिमटा बापाच्या वेळचा होता. त्याने कार्डाच्या मधोमध तो दाबला आणि कार्डात माशाची शेपटी आणि तिच्याखालची चीर आरपार उमटली. डिम्फ्नाने कार्ड दस्त्यावर ठेवलं, हळूहळू सरकवलं. सुरीने केलेली खूण चिमट्यापेक्षा थोडी मोठी आणि जरा तिरकी होती. पण शेपटीच्या दोन्ही टोकांना लाकडातली चीर दिसत होती, आणि कार्डातल्या आडव्या फटीतून खालची चीर.

“आता तू बोल,” ती म्हणाली.

 मर्व्हने अंगठा त्या खुणेवर ठेवला आणि तो काढेचना. जॉयलीनने न विचारता त्याच्या मागे खुर्ची सरकवली.

केलचा चेहरा लाल झाला होता. डिम्फ्नाने त्याला सगळं सांगितलं, स्वतःच्या चुकीपासून. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “घेऊन जा. देवा रे, पुट्टीचा डबा उघडला होता मी.” मग थोड्या वेळाने, जरा चाचरत, “पण मग माझी? बिनदस्त्याची?”

“मर्व्हच्या रायफलीवरचा कोचवुडचा तुला. तुझी रायफल चव्वेचाळिसची, तिला तोच शोभतो. तो आपणहून लावला असतास तर इस्त्र्या वाचल्या असत्या.”

केलने तिथेच लांब पेचकस आणला आणि मर्व्हच्या रायफलीच्या दस्त्यात मागून घालू लागला. डिम्फ्नाने त्याच्या मनगटावर चापट मारली.

“आधी पुढचं लाकूड काढ! मागचा स्क्रू फिरला की पुढचं लाकूड आतून फुटतं. इतकी वर्षं या रायफली हाताळतोस आणि हे कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं,” केल ओशाळून म्हणाला. “घाई झाली.”

तासाभरात दोन्ही दस्ते आपापल्या जागी गेले. डिम्फ्नाने कागदाची पट्टी मागितली. जॉयलीनने लोण्याचा कागद कापून दिला. लाकूड आणि लोखंड भेटतात तिथे तिने ती सरकवली. पट्टी अडली.

केलला अजून चैन नव्हती. “मिसेस गॅरिटी, मी ही चकाकी घालवू शकतो. कोऱ्या चहाचं पाणी, थोडी काजळी, तेल. महिन्याभरात पन्नास वर्षांचा दिसेल.”

डिम्फ्नाने मर्व्हकडे पाहिलं. हा निर्णय दर वेळी ती द्यायची, आज तिला द्यावासा वाटत नव्हता. “तुझी आहे. तू सांग.”

मर्व्हने विचार केला. “नको,” तो म्हणाला. “लाइलला चकाकी आवडली असती. रविवारी केसांना एवढं तेल थापायचा, की आई उशी वेगळी द्यायची.”

“मग राहू दे,” डिम्फ्ना म्हणाली. “पण पुन्हा इस्त्री नाही, केल.”

“त्याचं मी बघते,” जॉयलीन म्हणाली.

जेवण तिथेच झालं, मटणाचा रस्सा आणि पाव. टेबलाच्या कोपऱ्यावर डिम्फ्नाने दस्त्याचं कार्ड नव्याने लिहिलं: मेपल. मूळचा. १० सप्टेंबर १९४२, तिसरा बाक. सुरीची खूण, ट्रेव्हेना कुटुंबाची. १९९३ साली डी. गॅरिटी यांनी चुकून परका ठरवला. १९९४ साली गल्गाँग इथे वाफ देऊन घासला. पुढे काही करू नये. केलने आपलं नाव घातलेलं नाही हे पाहिलं आणि स्वतःच पेन्सिल घेऊन घातलं.

परतताना मर्व्ह सारखा बोलत होता. लाइलचं पोहणं, लाइलने चोरलेलं कलिंगड, लाइलचे बूट. त्यातलं बरंच डिम्फ्नाने पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि तिला वाटलं की मर्व्हनेही ते फार दिवसांत कुणाला सांगितलं नसावं. तिच्या दाराशी गाडी थांबली तेव्हा त्याने विचारलं, “लाइलच्या रायफलीला तेल कुठलं लावू?”

“लाकडाला जवसाचं, अगदी थोडं. लोखंडाला शिवणयंत्राचं चालेल.”

“आणि डिम्फ,” खिडकीतून डोकं काढून तो म्हणाला, “चुकल्याची बातमी बिशपना पण कळवतेस का?”

“आधी आणखी काहीजणांना कळवायची आहे,” ती म्हणाली.

 आत जाऊन तिने कार्डांच्या पेट्या उघडल्या, १९४२च्या त्या तीन दिवसांतल्या नंबरांवर तिने आजवर काय काय सांगितलं होतं ते शोधलं. तीन जणांना तिने मेपल परकं म्हणून सांगितलं होतं. एक डबोचा, एक न्यूकॅसलचा, एक अ‍ॅडलेडचा. तिने तिन्ही पत्रं एकाच बैठकीत लिहिली, प्रत्येकात वहीच्या पानाची नक्कल, आणि शेवटी एक ओळ: दस्ता अजून असेल तर कृपया त्यावर काहीही करू नये, मी येऊन पाहीन. चौथं पत्र बॅथर्स्टच्या गृहस्थांना, त्यांनी प्रश्न विचारला म्हणून आभाराचं. अ‍ॅडलेड तिथून हजार किलोमीटरच्या वर आहे. तिने आगगाडीचं वेळापत्रक काढून टेबलावर ठेवलं.

मग तिने दिवसाची वही उघडली. गल्गाँग, दस्ता, चार पत्रं, सगळं क्रमाने लिहिलं, आणि खाली शेवटची ओळ: स्वयंपाकघरातली चिमणी धूर आत टाकते आहे, सोमवारी साफ करणाऱ्याला बोलवायचं.